भूक तुझी होती

घनसावंगी, २३ ऑगस्ट

राजनंदिनीस,

सप्रेम नमस्कार लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात आणि पुढे सगळी सामसूम. तेव्हा हे पत्र रजिस्टर पोस्टाने तुझ्या अंधेरीच्या ऑफिसला पाठवतेय. सही करून घ्यावं लागतं, म्हणजे मिळालंच नाही असं तुला म्हणता येणार नाही.

तुझा सिनेमा मी बघितलेला नाही आणि बघणारही नाही. बघायची गरजच कुणी ठेवली नाही. 'पाटावरची' जालन्याच्या टॉकीजला लागला तेव्हा इथून जीपा भरभरून लोक गेले, त्यातली एक जीप आमच्याच ह्यांची. येताना अर्धे म्हणाले असा सिनेमा झाला नाही, अर्धे म्हणाले तिकिटाचे पैसे परत मागायला पाहिजे होते. पेपरात एकाने लिहिलं की भुकेल्या वर्गाच्या मनाचा तळ दाखवणारा थरार आहे. दुसऱ्याने लिहिलं की मुंबईत बसून गरिबाला भूत ठरवलंय. टीव्हीवर चार शहाणे त्यावरून तासभर भांडले. सिनेमातली ही बाई खरोखर कुठे राहत असेल, असा प्रश्न त्यांच्यातल्या एकालाही पडला नाही. आमच्या गावाला मात्र लगेच पडला.

गोष्ट मला तोंडपाठ झाली आहे. मेंढरं वळणाऱ्याची पोर मोठ्या शेतकऱ्याच्या घरात शिरते. त्या घरची मुलगी मेल्यावर तिचे कपडे चोरून घालते, तिच्या पाटावर चोरून बसते. मग कळतं की मुलीला विहिरीत हिनेच ढकललं होतं. शेवटी ती म्हातारीला खिरीतून विष घालते आणि त्या घरची मालकीण होऊन बसते. पोरीचं नाव तू रेवा ठेवलंस. रेणुकाची रेवा करायला फार डोकं चालवावं लागलं नसेल.

राजी, तुझी बहीण गोजर विहिरीत पडली नव्हती. काविळीने गेली. तू तेव्हा तीन वर्षांची होतीस, म्हणून तुला आठवत नसेल, पण मी सात वर्षांची होते आणि मला आठवतं. आम्ही दोघी एकाच महिन्यात जन्मलेल्या. माझे वडील रायभान, त्यांची मेंढरं उन्हाळाभर तुमच्या रानात बसायची. लेंड्यांचं खत तुमच्या रानाला आणि धान्य आमच्या घराला, असा जुना व्यवहार होता. त्या ओळखीतून गोजर आणि मी एकत्र खेळलो. आणि ती गेल्यावर पुढच्या पितृपक्षातल्या पंचमीला तुझ्या आईने, दैवशालाकाकूंनी, माझ्या आईला निरोप धाडला की गोजरच्या नावानं कुमारिका जेवू घालायची आहे, तुझी पोर पाठव.

मी चोरून शिरले नाही. मला आंघोळ घालून, तेल लावून पाठवलं होतं. गोजरचा पिवळा फ्रॉक काकूंनी स्वतःच्या हाताने माझ्या अंगात घातला. गोजरच्या पाटावर बसवलं. पहिला घास माझ्या तोंडात घालून म्हणाल्या, "जेव गोजर." मी इकडेतिकडे बघितलं. मग कळलं की गोजर म्हणजे मी.

हे तुला ठाऊक असूनही तू 'चोरून' दाखवलंस. असो. त्यासाठी पत्र लिहीत नाही. सिनेमा कर, पुरस्कार घे, आम्हाला काय करायचंय.

पत्र लिहितेय ते काकूंसाठी. गेली दोन वर्षं त्यांचं डोकं जागेवर नाही हे तुला तुझ्या भावाने, भागवतदादांनी, सांगितलं असेल. त्या कुणालाच ओळखत नाहीत. जेवण समोर ठेवलं की म्हणतात, "गोजर जेवली का?" मग मला बोलावणं येतं. माझी अंगणवाडी सुटली की मी जाते, त्यांच्याच ताटातला पहिला घास मी खाते, आणि तो माझ्या घशाखाली उतरलेला दिसला की त्या तोंड उघडतात. दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाहीत. भागवतदादांच्या नाही, सत्यशीलावहिनींच्या नाही.

परवा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गेले तर दादा दारातच उभे होते. म्हणाले, "रेणुका, वाईट वाटून घेऊ नको, पर सध्या तू येऊ नको. लोक काय काय बोलून राह्यलेत. आईचं वय झालंय. उद्या तिला काही झालं, तर मंग गाव म्हणल, सिनेमात दाखवलं तेच बराबर निघालं."

मी म्हटलं, "दादा, आधी घास मी खाते. इख घातलं तर आधी मी मरंल."

ते म्हणाले, "मला कळतंय. लोकांना कोण सांगणार?"

तू सांगणार. भागवतदादाला एक फोन कर. म्हण की विहीर खोटी, विष खोटं, रेणुकाला घरात येऊ दे. त्यांना तुझं फार कौतुक आहे, तुझं ऐकतील. तेवढं कर. काकू परवापासून चहाबिस्किटावर आहेत.

तुझ्या सिनेमातली,
रेणुका


घनसावंगी, ३० ऑगस्ट

राजनंदिनी,

तुझा आवाज ऐकला. सव्वा मिनिटाचं बोलणं पाठवायला तुला आठवडा लागला. आमच्या ह्यांनी, म्हणजे ओमप्रकाशनी, जीपमध्ये ते चारदा लावलं, कारण त्यांना वाटलं आपल्यालाच समजत नाहीये. तू म्हणतेस, कलाकृतीकडे कलाकृती म्हणून बघ. रेवा म्हणजे तू नाहीस, ती एका अख्ख्या वर्गाची भूक आहे. आणि शेवटी म्हणतेस, दादाच्या घरातल्या गोष्टीत मला ओढू नकोस, माझा त्या घराशी काही संबंध नाही.

संबंध नाही तर ते घर दाखवलंस कसं? दारावरची पितळी कडी, देवघराची निळी भिंत, काकूंच्या कपाळावरचं गोंदण, सगळं आणलंस. फक्त माझी आई कोल्हापूरकडचं बोलते म्हणे. माझी खरी आई, आसराबाई, जिवंत असती तर त्या एका गोष्टीवरून तुला चांगलं झोडपलं असतं.

आणि भुकेचं तू मला शिकवू नकोस. आम्ही गरीब होतो हे खरं आहे. भाकरीबरोबर नुसती चटणी असायची हेही खरं. पण तुमच्या घरात मी कधी भुकेली आले नाही. माझी आई मला निघण्याआधी अर्धी भाकरी खायला लावायची. म्हणायची, "लोकाच्या ताटावर आधाशावानी बसू न्हाई." तुझ्या रेवाच्या आईला एवढंही सुचत नाही.

आता काकूंचं ऐक. सत्यशीलावहिनी मागच्या गल्लीने अंगणवाडीत आल्या होत्या. सांगत होत्या की आई दात घट्ट मिटून बसतात. जबरदस्तीने भरवलं तर थुंकतात. डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. वहिनी रडल्या. म्हणाल्या, "तुमच्या दादांना समदं कळतंय वो, पर ते लोकांना भिऊन राह्यलेत." मी म्हटलं लोक कोण, त्यांची नावं सांगा. त्यांना सांगता आली नाहीत.

लोक कसे आहेत ते मात्र मला रोज दिसतं. परवा एका आईने माझ्यासमोर पोराच्या वाटीतली खिचडी हुंगून बघितली. चौदा वर्षं मी या गावाची लेकरं जेवू घालतेय. त्याच वाटीतली खिचडी मी तिच्यापुढे उभी राहून खाल्ली, सगळी, आणि पोराला दुसरी वाढली. आणखी एक गंमत सांगते. कुठल्याशा संघटनेची पोरं आली होती. तुझे पोस्टर जाळणार होती. म्हणाली, ताई, तुम्ही काही बोलू नका, कॅमेऱ्यासमोर फक्त रडा. मी त्यांना चहा न पाजता घालवलं. तू मला वेडी दाखवणार आणि ती पोरं मला बिचारी दाखवणार. दोघांनाही माझ्याशी बोलायची गरज पडली नाही.

तू विचारशील, एवढा राग आहे तर जातेस कशाला काकूंकडे? ओमप्रकाशही हेच विचारतात. म्हणतात, "त्यांनी तुझं लगन वरीसभर अडवलं, ते इसरलीस का?" विसरले नाही. केदारखेड्याचं पहिलं स्थळ आलं होतं, चांगलं होतं. काकूंनी माझ्या वडिलांना बोलावून सांगितलं की अजून एक पंचमी कुमारिका राहू द्या. मेंढरं तुमच्या रानात बसायची होती, वडील नाही म्हणू शकले नाहीत. ते लोक थांबले नाहीत. पुढे ओमप्रकाशशी लग्न झालं, ते चांगलंच झालं, पण ते माझ्या नशिबाने. लग्नानंतर तरी मी सुटायला हवं होतं. कुमारिका उरलेच नव्हते. तर काकूंनी मला हिरवा चुडा भरला आणि म्हणाल्या, माझी गोजर सवाष्ण झाली. रीतीत असं कुठे बसतं? पण त्या घरात रीतसुद्धा त्यांचंच ऐकायची.

मला त्यांचा राग येतो. त्या घरात मला कधी माझं नाव नव्हतं. तरी म्हातारं माणूस उपाशी मरताना घरात बसवत नाही. तुला बसवतं का ते बघायचं आहे.

फोन कर.

रेणुका


घनसावंगी, ४ सप्टेंबर

राजी,

खोटं लिहिलं होतं. सिनेमा मी पहिल्याच आठवड्यात बघितला होता, ओमप्रकाशच्या मोबाइलवर. आणि काल पुन्हा बघितला. आज पुन्हा. एकच जागा.

तुला कळलंच असेल कुठली. सगळ्या पेपरांनी तिचं कौतुक केलंय. पंचमीचा स्वयंपाक झालाय, पुरणाचा वास सुटलाय, पाटावर जेवणारी दिसत नाही, फक्त तिचा हात दिसतो. आणि स्वयंपाकघराच्या दाराआड लहानगी रेवा उभी आहे. नुसते डोळे. हात घासाबरोबर वर जातो तसे तिचे डोळे वर जातात. एकाने लिहिलंय की मराठी पडद्यावर गरिबीची भूक अशी कधी दिसली नव्हती.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नुसती संतापले. म्हटलं मी कधी दाराआड उभी होते? मी तर पाटावर होते. काल बघताना मी तिच्या डोळ्यांकडे न बघता पायांकडे बघितलं. ती पोर डाव्या पायाच्या अंगठ्याने उजवी पोटरी खाजवते. एका पायावर उभी राहून, दाराची कडी धरून.

राजी, ती तू आहेस.

रायभानाच्या कुठल्याच पोराला ती सवय नव्हती. ती सवय तुझी. त्यावरून काकू तुला बगळा म्हणायच्या. रेवाचं काम करणाऱ्या त्या पोरीला तूच शिकवलं असशील तसं उभं राहायला. का तुझ्याही नकळत शिकवलंस?

मी दहा वर्षांची होते, तू सहाची. कावळा शिवायला दुपार झाली होती. आणि कावळा शिवल्यावरही गोजर जेवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, हा काकूंचा नियम. मी खात होते. तू दारात होतीस, विटका फ्रॉक, कारण गोजरच्या नावाने शिवलेला नवा पिवळा माझ्या अंगावर. तू हळूच आत आलीस आणि परातीतलं एक भजं उचललंस. काकूंनी तुझ्या हातातून ते काढून घेतलं, तुझ्या मुस्काटात मारली आणि तुला धान्याच्या कोठीत घालून बाहेरून कडी लावली. म्हणाल्या, "गोजरच्या आधी तोंड घालती, लाज न्हाई वाटत?" मग माझ्याकडे वळून इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, "जेव बाळा." कोठीतून तुझं रडणं ऐकू येत होतं. तुझे वडील, रामरावकाका, ओसरीवर पान खात बसले होते. ते उठले नाहीत. दादा बारा-तेरा वर्षांचे होते, तेही उठले नाहीत.

दरवर्षी तू त्या दारात उभी असायचीस. मी खाली मान घालून खायची, तरी तुझे पाय दिसायचे.

आता मला सांग, तुझ्या घरात ज्वारीची पोती छपरापर्यंत होती, आणि भुकेली पोर कोण होती? भूक तुझी होती. पाटावर बसायचं होतं ते तुला. पिवळा फ्रॉक पाहिजे होता तो तुला. तुझ्या आईने मेलेल्या लेकीला जेवू घालता घालता जिवंत लेकीला उपाशी ठेवलं, आणि ते तुला तिच्या तोंडावर म्हणता आलं नाही. मग तू काय केलंस? ती भूक उचललीस आणि मेंढरंवाल्याच्या पोरीच्या पोटात घातलीस. तिथे ती शोभून दिसते ना. आमच्या पोटात भूक असली की कुणी विचारत नाही ती कुठून आली.

तू स्वतःची गोष्ट सांगितली असतीस तर मी बिलकुल रागावले नसते. मी तिकीट काढून जालन्याला आले असते आणि रडले असते. स्वतःच्या नावावर चोरी टाकायला तुला लाज वाटली, खून टाकायला तर विचारूच नको, म्हणून माझ्यावर टाकलास. एवढी वर्षं मी तुझ्या बहिणीच्या नावाने जेवले. आता तुझ्या नावाने खूनही करू का?

तू म्हणतेस तुझा त्या घराशी संबंध नाही. ११ तारखेला पंचमी आहे. ये आणि त्या पाटावर बस. मी वाढीन. बघू काकू काय म्हणतात.

रेणुका


घनसावंगी, ११ सप्टेंबर

राजी,

तू आली नाहीस. मी वाट बघत नव्हते असं लिहिणार होते, पण खोटं एकदा लिहून झालंय. सकाळच्या प्रत्येक जीपकडे मी बघत होते.

दहाच्या सुमारास सत्यशीलावहिनी स्वतः आल्या. पदर नीट घेतलेला नव्हता. म्हणाल्या, "दादांना इचारू नका आन् काही नका. चला जल्दी. आई डोळेबी उघडून नाही राह्यल्या." मी अंगणवाडी मदतनीसबाईवर सोडून निघाले. ओमप्रकाशनी जीप काढली. दारात भागवतदादा होते. ते बाजूला झाले. फोन तू त्यांनाही केला नव्हतास, मी विचारलं.

पाट मांडला होता. रांगोळी काढली होती. ताटात पुरणपोळी, कढी, भजी, गवारीची भाजी, आणि वाटीत खीर. हो, खीरच. काकूंना उशीला टेकवून बसवलं होतं. केवढ्याशा झाल्यात त्या, राजी. मला बघून त्यांच्या डोळ्यांत जीव आला आणि त्या म्हणाल्या, "आली का गोजर? बस."

मी बसले नाही.

ते मी ठरवून केलं नव्हतं. मला बसायचंच होतं, त्याचसाठी गेले होते. पण पाटावर पाय ठेवताना मला तुझं ते दार दिसलं, आणि वाटलं, या एका पाटाने किती जणींचं वाटोळं केलं. मी खाली फरशीवर काकूंच्या समोर बसले आणि म्हणाले, "काकू, मी गोजर न्हाई. मी रेणुका. रायभानाची रेणुका."

वहिनींनी मागून माझा दंड धरला. मला वाटलं काकू आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "मंग गोजर?"

मी म्हणाले, "गोजर गेली काकू. लहानपणीच गेल्ती, काविळीनं."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. कुणीतरी विसरलेला निरोप सांगावा तशी ऐकली ती गोष्ट. पाटाकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं, स्वयंपाकघराच्या, आणि विचारलं, "आन् राजी? राजी जेवली का?"

मीही दाराकडे बघितलं. तिथे भागवतदादा होते. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मला 'हो' म्हणता आलं असतं. काकूंनी लगेच घास घेतला असता आणि माझं काम झालं असतं. पण त्या घरात खोट्या नावाने पुष्कळ घास खाल्ले गेलेत. मी म्हणाले, "न्हाई काकू. राजी उपाशीच हाय."

त्या म्हणाल्या, "लेकरू दारात हुभं हाय केव्हाचं. आधी तिला वाढा."

मी घास पुढे केला. दादांनी केला. वहिनींनी हात जोडले. त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि म्हणाल्या, "ती खाल्ल्याबगर मी खात न्हाई." मी त्यांच्यासमोर पुरणाचा घास खाऊन दाखवला. त्यांना आता माझ्या खाण्याशी काही घेणं नाही. पाणी मात्र दोन घोट घेतलं.

म्हणजे आता माझ्या हातात काही उरलं नाही. दादांनी मला सांगितलं, रोज ये, कोण काय म्हणतं ते मी बघतो. मी येईन, त्यांना पुसून घेईन, कूस बदलीन. पण घास तुझ्याशिवाय उतरणार नाही. दादा आत्ता माझ्या शेजारी बसून तुला फोन लावतायत आणि तू उचलत नाहीयेस, म्हणून हे घाईने लिहितेय. ओमप्रकाश हे जालन्याहून मुंबईला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती देणार आहेत. तो माणूस ते तुझ्याच हातात देईल आणि तू वाचेपर्यंत तिथून हलणार नाही. मुद्दाम तसाच माणूस शोधलाय.

हे मी तुझ्यावर दया म्हणून लिहीत नाही. तुझी मी आयुष्यात माफी मागणार नाही आणि तुला माफही करणार नाही. पण तू जे सिनेमात दाखवलंस की एका बाईच्या हातच्या घासावर म्हातारीचं मरण अवलंबून आहे, ते खरं झालंय. फक्त बाई दुसरी निघाली.

जालन्याला उतर. जीप स्टेशनवर उभी असेल.

पाट उचललेला नाही. ताट झाकून ठेवलंय. हे शिळं झालं तर वहिनी उद्या नवं वाढतील, परवा नवं वाढतील. काकू दाराकडे बघत बसल्या आहेत आणि मघापासून वहिनींना एकच सांगतायत, बगळ्याला हाक मारा.

रायभानाची मुलगी,
रेणुका